सोवळ्यातला केक

जयपूरला, मानसरोवरमधल्या आमच्या घरात, गेले सात महिने एक बेकरी चालू आहे. तिला नाव आहे, बोधचिन्ह आहे, पहिल्या तीन वर्षांचा नफा-तोटा एक्सेलमध्ये मांडून झाला आहे, आणि दुसरी शाखा वैशालीनगरला काढायची की राजापार्कला यावरून दोन दिवस अबोलाही धरून झाला आहे. व्हायचं राहिलंय ते एवढंच, की अजून कुणी आमच्याकडून काही विकत घेतलेलं नाही.

या उद्योगाचं मूळ समोरच्या घरात आहे. समोरच्या भाभीजींच्या नऊ वर्षांच्या मुलाला ‘गेहूँ की एलर्जी’ आहे. इकडे असंच म्हणतात. दुखण्याचं खरं नाव सीलिअक, आणि ती ॲलर्जी नव्हेच. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की अशा माणसाचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जातं. पण लिफ्टमध्ये चार मजल्यांच्या प्रवासात एवढं कोण समजावून सांगणार? दिल्लीच्या परिसरातली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दर शंभरात साधारण एकाला हे निघालं. दक्षिणेत प्रमाण पुष्कळच कमी. म्हणजे जिथल्या लोकांचं गव्हावाचून पान हलत नाही, नेमकं तिथेच हे दुखणं जाऊन बसलंय.

आणि जयपूरचं तर पानच गव्हाचं आहे. बाटी गव्हाची, चुरमा गव्हाचा, प्याज की कचोरी मैद्याची. श्रावणात तीज आली की परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, मिठाईच्या दुकानांत घेवरांच्या चळती लागतात, आणि तो घेवरही मैद्याचा. हा मुलगा वाढदिवसाला जाताना स्वतःचा डबा घेऊन जातो. कुणी हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला तर तो पुढचं चित्र बघत नाही, पुडा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचतो आणि अनुभवी वकिलासारखी मान हलवून परत देतो. ते बघून मी एका दुपारी भाभीजींना म्हणून गेले, “मैं बना दूँगी ना केक.” माणसाने दुपारच्या चहाला बसून काही कबूल करू नये.

रात्री हे आमच्या अहोंना सांगितलं. अहो बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं भांडवल बुडताना पाहण्याची आयुष्यभराची सवय असते, स्वतःचं बुडवायची संधी मात्र उशिरा मिळते. ते उठून बसले. एक मुलगा म्हणजे बाजारपेठ नव्हे, म्हणाले. मग गव्हाशिवाय, अंड्याशिवाय, दुधाशिवाय, शेंगदाणा-काजू-बदामाशिवाय, अशी सगळ्याच ॲलर्जीवाल्यांना चालेल अशी बेकरी ठरली. एकादशी अन् दुप्पट खाशी हे ऐकलं होतं. सोडायच्या पदार्थांची यादीही अशीच दुप्पट होत जाते हे नव्याने कळलं.

दुसऱ्या दिवशी अहोंनी अन्नसुरक्षेच्या नियमांची छापील प्रत काढून आणली. त्यांनी चौकशी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या घरगुती व्यवसायाला नुसती नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. त्याच्या वर गेलं की रीतसर परवाना. “आणि १२ लाखांच्या वर गेलो तर?” अहोंनी काळजीने विचारलं. तोवर मी एकही केक भाजला नव्हता. पण ती अख्खी संध्याकाळ आम्ही उलाढाल १२ लाखांच्या आत कशी रोखून धरायची या विवंचनेत घालवली. मार्च महिन्यात ऑर्डरी नाकाराव्या लागतील, असं ठरलं.

नावाचंही तसंच. मी ‘पथ्य’ सुचवलं. अहो म्हणाले, हे इस्पितळाच्या उपाहारगृहासारखं वाटतं. त्यांनी सुचवलेलं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यात त्यांचं आणि माझं अशी दोन्ही आद्याक्षरं होती आणि जोडून वाचल्यावर ते एका प्रसिद्ध कीटकनाशकासारखं ऐकू येत होतं. पत्रकात आम्ही ठळक लिहिलं: गहू नाही, अंडं नाही, दूध नाही, सुकामेवा नाही. भाभीजींच्या सासऱ्यांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि निर्मळ मनाने विचारलं, “तो फिर है क्या इसमें?”

बाजाराचा अभ्यास म्हणतात तो इतकाच असतो. बाकी सगळं एक्सेल.

अंड्याच्या बाबतीत जयपूर मोठं सोपं शहर आहे. पुण्यात बिनअंड्याचा केक मागितला तर काउंटरवरचा माणूस उपकार केल्यासारखा बघायचा. इथे अंड्याचा मागितला तर आवाज खाली घ्यावा लागतो. तेव्हा यादीतली एक नकारघंटा गावानेच आधी वाजवून ठेवली होती. पण गाव एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं. गव्हाशिवाय केक करायचा तर नुसत्या तांदळाच्या पिठावर भागत नाही, त्यात बटाट्याचा स्टार्च घालतात. खालच्या मजल्यावरच्या जैन भाभी म्हणाल्या, आलू? हम तो जमीकंद नहीं लेते. मग टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याचं पीठ आणलं. तोही कंदच! जमिनीखालचं सगळं बाद झाल्यावर उरला मका. अशा रीतीने एका पोराच्या आतड्यासाठी निघालेली मी बघता बघता तीर्थंकरांच्या मार्गाला लागले.

आता गहू काढल्यावर खरी अडचण कुठे येते ते सांगते. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लूटेनचं रबरासारखं जाळं तयार होतं, आणि केक-पाव फुगतात ते त्या जाळ्यात हवा अडकते म्हणून. तांदळाला हे जाळं नाही. हवा येते, इकडेतिकडे बघते आणि निघून जाते. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं. जगभरातले बिनग्लूटेनचे बेकर त्यासाठी जे वापरतात त्यातल्या दोन गोष्टी म्हणजे इसबगोल आणि ग्वार गम. दोन्ही कुठे पिकतात? इसबगोल राजस्थान-गुजरातेत, जालोर-बाडमेरकडे त्याची शेतंच्या शेतं आहेत. आणि ग्वार म्हणजे आपली गवारच. तिच्या बियांचा हा डिंक. देशातली सर्वांत जास्त गवार राजस्थानात होते आणि डिंकाचे कारखाने जोधपुरात आहेत. अमेरिकेतल्या तेलविहिरींनाही हा डिंक लागतो. २०१२च्या सुमाराला तिकडून एवढी मागणी आली की गवारीचे भाव गगनाला भिडले होते. लहानपणी आपण ताटाच्या कडेला सारलेली भाजी अशी नाव काढते.

हे कळल्यावर माझी छाती अभिमानाने फुगली (केक फुगला नव्हता, काहीतरी फुगायला हवं). कॅलिफोर्नियातल्या कुणा बाईचा पाव आमच्या मारवाडच्या जिवावर उभा आहे! मी तडक परकोट्यातल्या एका पंसाऱ्याकडे गेले आणि दोन किलो इसबगोल मागितलं. त्याचा हात तराजूवर थांबला. “दो किलो?” मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे पिशवी धरून उभ्या असलेल्या अहोंकडे पाहिलं. त्या नजरेत जी करुणा होती ती मी आजवर फक्त संतांच्या तसबिरींत पाहिली आहे. “बाबूजी, रात को गुनगुने पानी के साथ,” तो हळूच म्हणाला. अहो त्या दुकानावरून परत कधी गेलेले नाहीत.

पहिला केक आयताकृती साच्यात लावला. मिश्रण ओतून पृष्ठभाग सपाट केला, भट्टी तापवली, देवाला नमस्कार केला. बाहेर आला तेव्हा वायव्येला एक डोंगर उभा राहिला होता आणि बाकी सगळा सखल प्रदेश. मला एकदम ओळखीचं वाटलं. हे शहर १७२७ साली वसवताना नऊ चौकोनांचा आराखडा होता, पण वायव्येला नाहरगडाचा डोंगर आडवा आला म्हणून तिकडचा चौकोन उचलून पूर्वेला ठेवावा लागला. मी तेच केलं. डोंगराचा तुकडा कापून खड्ड्यात बसवला. शहराचा आराखडा करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांना जे जमलं ते मला जमलं नाही. माझं शहर ताटात ठेवताच विस्कटलं.

दुसरा केक वेळेवरून बिघडला. पाककृतीत पस्तीस मिनिटं म्हटलेलं, सुरी कोरडी निघेपर्यंत पुरता तास गेला. इथल्या जंतर मंतरमधलं सम्राट यंत्र, २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ, दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगतं. पण ती जयपूरची स्थानिक वेळ, आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे असणारी. माझा केक त्या वेळेने भाजला जात असावा. ते जंतर मंतर आणि हे शहर उभारणाऱ्या सवाई जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रातले पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी मराठी माणूस जयपुरात येऊन एवढं करून गेला, आणि मला साधा एक आयत सरळ उतरवता येईना.

मराठी म्हटल्यावर आठवलं. भाभीजींच्या सासऱ्यांना इतिहासाची आवड. मी मराठी आहे हे कळल्या दिवसापासून ते गालात हसत म्हणतात, “आप लोग तो यहाँ चौथ वसूलने आते थे.” खोटं नाही, येत होतो, आणि १७५१च्या जानेवारीत या शहराने त्याचा हिशेब आमच्या लोकांवर फार भयंकर रीतीने चुकताही केला होता. तेव्हा तिसरा केक जरा बरा झाल्यावर मी त्याचा बरोब्बर चौथा हिस्सा कापून त्यांच्याकडे पाठवला. निरोप दिला, वापस कर रही हूँ. त्यांनी खाल्ला. संध्याकाळी उलट निरोप आला, बाकी के तीन हिस्से आप ही रखिए.

चौथा बाजरीच्या पिठाचा होता. बाजरीत स्निग्धांश जास्त, दळल्यावर पीठ लवकर कडू होतं, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मला माहीत नव्हतं, कारण मी वेंगुर्ल्याच्या आजीची आणि पुण्याच्या आईची. जयपूरच्या जूनमध्ये आठ दिवसांचं पीठ! पाचव्याबद्दल बोलत नाही.

मात्र केक बिघडणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. बिघडलेला केक दिसतो तरी. खरा शत्रू दिसत नाही. अहोंच्या छापील प्रतीत लिहिलं होतं की ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये. अहोंनी कागदावर गणित मांडलं. गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन दहावा हिस्सा धरा. म्हणजे किलोभर पिठात पाचेक दाणे दळले गेले की संपला खेळ. पाच दाणे! आमच्या घरात पाच दाणे कुठे नाहीत? चक्कीवाल्याकडे गेले, म्हटलं, गव्हानंतर माझे तांदूळ टाकू नका. पुण्यात गिरणीत बायका ‘ज्वारीवर ज्वारी घाला’ म्हणून भांडतात, ते मला वाटायचं चवीसाठी. तो म्हणाला, आधी दुसऱ्याची बाजरी काढतो, मग सब साफ. मी म्हटलं, जातं साबणाने धुता येईल का? त्याने पट्टा थांबवला. “भाभीजी, चक्की है, दवाखाना थोड़े ही है.” मग घरघंटी आली. एक्सेलमध्ये ‘भांडवली खर्च’ नावाचा रकाना उघडला.

पुढे हिंग. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, कारण निव्वळ हिंग इतका जहाल की चिमटीत धरवत नाही. म्हणजे रोजच्या वरणातून, पिढ्यान्‌पिढ्या, मैदा आमच्या घरात तोंडावर पदर घेऊन वावरत होता! मग चाळणी, तिच्या जाळीत अडकलेलं पीठ निघता निघत नाही. मग पोळपाट-लाटणं, लाकूड पीठ पितं. मग भांडी घासायची घासणी. एकेक वस्तू दुसरी आणली, ओट्याचा डावा भाग वेगळा केला, त्यावर लाल चिकटपट्टीची रेघ मारली. डावीकडे काम करण्याआधी मी हात धुऊन, कपडे बदलून, डोक्याला रुमाल बांधून येऊ लागले.

अशी एके सकाळी तांदळाचं पीठ चाळत होते. अहो नाश्त्याची पोळी खात खात आत आले आणि लाल रेघेपलीकडचा डबा बघायला त्यांनी हात पुढे केला.

“शिवू नका!”

तो आवाज माझा नव्हता. वेंगुर्ल्याच्या घरातला, माजघराच्या अंधारातून येणारा, धाबळी नेसलेल्या आजीचा होता. तीच पट्टी, तोच ‘शि’वरचा आघात. अहो हात वर करून जागच्या जागी उभे राहिले, पोळी तोंडात.

कॉलेजात असताना मी या आजीशी सोवळ्यावरून तावातावाने भांडले होते. शाळेतून आल्यावर दप्तरासकट उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पाणी वरून ओतलेलं प्यायचं, लोणच्याच्या बरणीकडे तर बघायचंही लांबून. मी तिला विज्ञान सांगितलं, समता सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, पण तिथूनच बोल. तिचं सोवळं माणसं बघून होतं, कोण कुठल्या घरचा ते बघून, आणि त्या भांडणातला माझा शब्दन्‌शब्द मी आजही मागे घेणार नाही. माझं सोवळं गहू बघून आहे. पण कारभार? वेगळी भांडी, वेगळं वस्त्र, वेगळं पाणी, आधी ते आणि मग हे असा क्रम, आणि चुकून लागलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हल्ली अन्नप्रक्रियेच्या शिबिरांत फी भरून जे शिकवतात, ते सगळं ती बाई निरक्षर असताना बिनचूक करत होती, फक्त चुकीच्या शत्रूविरुद्ध.

“म्हणजे मी आता ओवळा?” अहोंनी पोळी गिळून विचारलं.

“पोळी खाल्लीत ना?”

“आणि किती वेळ?”

“हात धुवा, चूळ भरा, सदरा बदला. मग बघू.”

तेव्हापासून अहो पोळी गच्चीत खातात. जयपूरची गच्ची, सकाळचे नऊ, उन्हाचा तडाखा. समोरच्या भाभीजींना वाटतं आमचं भांडण झालंय. त्या मधून मधून कांजीवडा पाठवतात.

हे मी केवळ गंमत म्हणून करत नव्हते. गव्हामुळेच मुलं खंगतात हे नीट कळायला १९५० साल उजाडावं लागलं. त्याआधी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या हास नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवायची टूम काढली होती. मुलं सुधारत आणि श्रेय केळं घेऊन जाई (जळगावला हे वेळेत कळायला हवं होतं). मग महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडात दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला, सगळी मुलं वाळली, आणि डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांच्या नजरेला आलं की ही नेमकी आजारी मुलं तेवढी सावरताहेत. पाव परत आला, ती परत आजारी पडली. त्या गोष्टीतली मुलं मला समोरच्या गॅलरीत बसून पुड्याची मागची बाजू वाचताना दिसतात. पाच दाण्यांपुढे म्हणून गंमत थांबते.

त्याचा वाढदिवस ऑगस्टात. सहा केक वाया गेल्यावर सातव्याच्या धास्तीने मी रात्री जागी होते आणि एकदम धोंडस आठवलं. पावसाळ्यात वेंगुर्ल्याला जून, पिवळं पडलेलं तवसं किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून आजी टोपात ओतायची. खाली निखारे, झाकणावर निखारे. गहू नाही, अंडं नाही, दूध नाही, काजू ती सणालाच टाकायची. इसबगोलाची तर गरजच नाही, तवशाचं पाणी पिऊन रवा आपणच धरून बसतो. सात महिने मी ज्याच्यासाठी मारवाड पालथा घातला, तो केक आजी सोवळ्यात, चुलीवर, भट्टीविना करत होती आणि आम्ही पोरं नाक मुरडून बेकरीतल्या नानकटाईकडे धावत होतो.

भाजीवाल्याला म्हटलं, म्हातारी पिवळी काकडी हवी. “बीज के लिए?” मी म्हटलं, केक के लिए. त्याने पैसे घेतले नाहीत. इसबगोलवाल्यासारखंच बघितलं.

धोंडस झालं मात्र सुरेख. सपाट, तांबूस, चारही कोपरे जागच्या जागी. नऊ समान चौकोन पाडले, वायव्येसकट. वाढदिवसाला मी ते स्वतः नेलं, डोक्यावरच्या रुमालासकट. भाभीजींचे डोळे भरून आले. सासरे काठी टेकत पुढे आले. चिरंजीवांनी मेणबत्ती फुंकली, तुकडा हातात घेतला, सवयीने उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे काही छापलेलं नव्हतं.

“आंटी, इसमें क्या-क्या है?”

आयुष्यात प्रथमच मला कुणी काय नाही हे न विचारता काय आहे ते विचारत होतं. मी सद्गदित होऊन एकेक सांगितलं. चावल. गुड़. नारियल. इलायची. “और ककड़ी.”

तुकडा ताटलीत परत गेला.

“सॉरी आंटी,” तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “मुझे ककड़ी से एलर्जी है.”

“झूठ बोलता है, पसंद नहीं है बस!” भाभीजी ओरडल्या. सासऱ्यांनी मात्र तेवढ्यात एक चौकोन तोंडात टाकला होता आणि दुसऱ्याकडे हात जात होता. अहो माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि ‘काकडी नाही’ असं खाली नवीन ओळीत लिहून घेतलं.